कोरडा सोबती

“चूक दिसली की सुधारायला धावू नकोस, सवलतबाई. आधी विचार. माणसं चुकून लिहितात, तशी ठरवूनही लिहितात.” नोकरी लागली त्याच आठवड्यात मास्तरांनी तिला हे बजावलं होतं. मास्तर म्हणजे रिसॉर्टवर डायव्हिंग शिकवणारे. उन्हाने आणि मिठाने भुवयासुद्धा पांढऱ्या झालेला माणूस. तिने तेव्हा “हो हो” म्हणून मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, पाण्यातल्या माणसाला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय.

आता काउंटरपलीकडे सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ, दोरीने बांधलेली सुटकेस दोन पायांत धरून उभे होते. उजव्या गुडघ्याला पट्टा. चष्म्याची काडी टेपने चिकटवलेली. आणि पडद्यावर त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘डायव्हर’. त्यांच्या मुलीच्या नावापुढे, ‘कोरडा सोबती’.

“काका, तुम्ही डायव्हिंग करता?”

त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू तिथे दुसरे कोणी काका उभे असावेत.

“मी? अहो, मी लिफ्ट दुरुस्त करायचो. जन्मभर खाली-वर केलं, पण सगळं कोरड्यात.”

“आणि मुलगी?”

“ती मासोळी आहे. तलावावर पोहायला शिकवते. समुद्राखाली जायचं कार्डसुद्धा आहे तिच्याकडे. उद्याच्या फेरीबोटीने येतेय. मला म्हणाली, तुम्ही पुढे व्हा.”

झालं तर. नावं उलटी पडली होती. तिने ‘डायव्हर’ मुलीकडे सरकवलं, ‘कोरडा सोबती’ बापाकडे, आणि बटण दाबलं. पडद्यावरची खोलीची ओळ हिरवी होती ती लाल झाली. खाली रक्कम आली. काकांच्या सुटकेसकडे आणि त्या चिकटवलेल्या काडीकडे पाहता ती रक्कम मोठ्याने वाचण्यासारखी नव्हती.

तिने ती वाचली नाही. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

सवलतबाई हे तिचं नाव मास्तरांनीच पाडलं होतं आणि ते चिकटलं होतं. रिसॉर्टवर खोल्या कमी आणि सवलती जास्त, असं सगळे म्हणत. त्या सवलती सांभाळायचं काम तिचं. लवकर बुकिंग करणाऱ्याला सूट, उशिरा करणाऱ्यालाही सूट, फक्त तिला नाव वेगळं. पुन्हा येणाऱ्याला सूट, आणि पहिल्यांदा आलेला पुन्हा यावा म्हणून त्यालाही. गट घेऊन येणारा म्होरक्या फुकट. फलकावर सगळ्यात वर एक मूळ दर होता, जो आजवर कोणीच भरला नव्हता. तो खोडण्यासाठीच लिहिलेला होता. सुरुवातीला तिला हे सगळं डोक्यावरून जायचं. कॉलेजात तिने अर्थशास्त्र घेतलं होतं, पण तिथल्या पुस्तकात माणसं शहाणी होती. इथे पूर्ण दर सांगितला की गिऱ्हाईक नाक मुरडायचं. तोच आकडा सूट म्हणून सांगितला की त्याला जग जिंकल्यासारखं व्हायचं.

आणि हंगाम उतरला की निघायचं जोडी पॅकेज. डायव्हरने पैसे भरायचे. त्याच्याबरोबर येणारा, पाण्यात न उतरणारा माणूस म्हणजे कोरडा सोबती. त्याचं राहणं-जेवण फुकट. खोली तशीही रिकामीच राहणार होती, बोटीचं डिझेल डायव्हरकडून निघत होतं, आणि सोबती दिवसभर किनाऱ्यावर कंटाळून चार गोष्टी विकत घेतो, हा मॅनेजरांचा अनुभव. अट एकच: सोबती फुकट होता तो डायव्हरच्या जिवावर. डायव्हर हजर नसेल तर सोबती साधा पाहुणा ठरायचा, आणि साध्या पाहुण्याला त्या फलकावरचा, कोणीच न भरलेला दर लागायचा.

“काय झालं?” मॅनेजर मागून येऊन पडद्यात डोकावले. “डायव्हर कुठाय?”

“उद्या येणार आहे, सर.”

“मग आजचा सोबती फुकट कसा?”

काकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “काही भरायचं राहिलंय का? पोरीने सगळं भरलंय म्हणाली.”

“भरलंय हो काका,” ती घाईने म्हणाली. “कॉम्प्युटरचं काहीतरी आहे.”

“नाही, असेल तर सांगा.” त्यांनी खिशावर हात ठेवला, पण खिशात घातला नाही. “ती येणार म्हणजे येणार. पैसे परत मिळत नाहीत ना या स्कीममध्ये? मग प्रश्नच नाही. माझी पोर साबणाची चिपटीसुद्धा नव्या वडीला चिकटवून वापरते. भरलेले पैसे वाया घालवेल?”

मॅनेजर तसे वाईट नव्हते. मालकाला दर महिन्याला तोंड दाखवायचं असल्यामुळे त्यांचा चेहरा कायम परीक्षेला बसल्यासारखा असायचा. ते हळूच म्हणाले, “उद्या फेरीपर्यंत थांबू. मग मात्र मला ते लाल मिटवावं लागेल.”

काका खोलीकडे गेले. ते दिसेनासे झाल्यावर ती काउंटरमागच्या कोठीत शिरली. तिथे लाइफ जॅकेटांच्या ढिगावर तिची वर्षाची लेक झोपली होती. नवरा शेडमध्ये कॉम्प्रेसरवर सिलिंडर भरत असे. त्याची धडधड ऐकत ती पोर गाढ झोपे आणि यंत्र थांबलं की जागी होई. सवलतबाईने वाकून तिच्या नाकाखाली बोट धरलं. ऊब लागली. हे ती दिवसातून किती वेळा करायची याची नवऱ्याने टिंगल करून झाली होती. “श्वास घेतेय गं, तिला दुसरं काम काय आहे?” असं तो म्हणायचा. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा बोट धरायची.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती, मास्तर आणि मॅनेजर काउंटरशी जमले. मॅनेजरांच्या हातात कॅल्क्युलेटर होता.

“यात काहीतरी गोम आहे,” ते म्हणाले. “बुकिंग फोनवर झालं ना? मग पोरगी स्वतः डायव्हर असून तिने बापाला डायव्हर का लिहून घेतलं?”

“चुकून झालं असेल. माझ्याकडूनच,” ती म्हणाली. त्या बुकिंगचा फोन तिला अंधुक आठवत होता. पोर कडेवर होती, रडत होती. यापलीकडे काही आठवत नव्हतं.

“चूक नव्हे. अशा गोष्टी लोक फायद्यासाठी करतात. हे बघ, बाप डायव्हर धरला तर एवढे. पोरगी धरली तर...” त्यांनी बटणं दाबली. कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा दाबली. “तेवढेच!”

“ज्येष्ठांची सूट?”

“ती डायव्हिंगला नाहीच. उलट त्या वयात डॉक्टरांचा दाखला मागतो आपण.”

मास्तर कपात फुंकर मारत म्हणाले, “डायव्हरच्या पॅकेजमध्ये नवख्यांसाठी उथळ पाण्यातली एक बुडी असते. बापाला भेट म्हणून असेल.”

“त्यांना? ते धक्क्यावरून चालताना कठड्याला दोन्ही हातांनी धरतात, मास्तर.”

“मग मला नाही कळत. मी सांगितलं होतं, आधी विचार.”

“कोणाला विचारू? तिचा फोन बंद आहे.”

“एकूण बेरीज दोन्हीकडून तीच!” मॅनेजर अजून कॅल्क्युलेटरमध्येच होते. “फायदा नसताना उलटं करणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर आपल्यापेक्षा हुशार. आणि आपल्यापेक्षा हुशार गिऱ्हाईक मला परवडत नाही.”

मास्तर हसले. तीही हसली, पण हसू अर्ध्यात राहिलं. काहीतरी उघड दिसत होतं आणि तरी दिसत नव्हतं. भिंतीवरचा खिळा कुठे आहे हे माहीत असून अंधारात हात भलतीकडेच चाचपत राहावा, तसं.

दुसऱ्या दिवशी दुपारची फेरीबोट आली. काका इस्त्रीचा सदरा घालून तासभर आधीच धक्क्याच्या टोकाला जाऊन बसले होते. बोटीतून भाजीच्या पाट्या उतरल्या, गॅसचे सिलिंडर उतरले, एक नवं जोडपं उतरलं आणि फोटो काढत बसलं. शेवटी बोटवाल्याने दोर सोडला. काका बोट लहान होईपर्यंत तिच्याकडे पाहत राहिले.

सवलतबाई पोरीला कडेवर घेऊन त्यांच्याकडे गेली. जाताना मनात वाक्य जुळवत होती: काका, त्याचं असं आहे की डायव्हर नसेल तर. ते वाक्य तिथे पोचेपर्यंत फुटलं.

“चुकली असेल फेरी,” काकाच म्हणाले. “शनिवारी तलावावर गर्दी असते.”

“फोन लागला का?”

“पाण्यात असली की फोन कपाटात असतो तिचा.” त्यांनी पोरीपुढे बोट केलं. पोरीने ते धरलं आणि तोंडात घालायला ओढलं. “दात येतायत वाटतं. आमचीनं चपला चावल्या होत्या. आई नव्हती ना घरात, माझंच लक्ष. मी लिफ्टच्या खड्ड्यात आणि ही शेजारच्यांकडे.”

“आता दोघंच असता?”

“दोघंच. पण हिशेबाची आहे हो पोर. माझी बॅग तिनेच भरली. गोळ्यांच्या पुड्या बांधून त्यावर वार लिहिले. मी म्हटलं, अगं आठवडाभर तर जायचंय, तू येतेच आहेस. तर पुड्या बांधल्या महिन्याभराच्या. लाइटचं बिल आगाऊ भरून टाकलं. बँकेतून पेन्शन कशी काढायची, बटणं कुठली दाबायची, सगळं मला दोनदा करायला लावलं. मी म्हटलं, तू आहेस की. तर हसली.”

सवलतबाईने पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

“हसते आता. ते बरं झालं,” काका म्हणाले. “मध्ये बरेच महिने नुसती गप्प असायची. तलाव ते घर, घर ते तलाव. ताटात हात फिरवायची आणि उठायची. काय झालंय ते मी काही विचारलं नाही. मोठी मुलगी, काय विचारायचं? आणि मला ते जमतही नाही. पण गेल्या पंधरवड्यात एकदम शांत झाली. हलकी. कपाट आवरलं, जुने कपडे देऊन टाकले. तिची ती चांदीची शिट्टी होती, स्पर्धेत मिळालेली, कोणाला हात लावू द्यायची नाही. ती एका विद्यार्थिनीला दिली. मी म्हटलं, सुटलो एकदाचे.”

पोरीने त्यांचं बोट सोडलं. समुद्राचं पाणी धक्क्याच्या खांबांना येऊन लागत होतं आणि मागे जात होतं. चांगल्या मुलीची चांगली लक्षणं सवलतबाईने ऐकली होती. तरी तिने पोरीला घट्ट धरलं.

“पैशांचं बोलायला आली होतीस ना?” काकांनी अचानक विचारलं. “ते तुमचे साहेब सकाळपासून माझ्याकडे बघायचं टाळतायत.”

“नाही काका. ऊन लागेल, सावलीत बसा, एवढंच सांगायला आले.”

पोरीला कोठीत निजवून ती काउंटरवर आली तेव्हा फोन वाजत होता. पलीकडे कोणी चौकस बाई होती. जोडी पॅकेज, कधीपर्यंत, खोलीतून समुद्र दिसतो का, सगळं विचारून झालं. सवलतबाई पाठ केलेली उत्तरं देत होती. नजर खिडकीतून धक्क्यावर.

“आणि समजा,” बाई म्हणाली, “माझे मिस्टर डायव्हर म्हणून आले आणि ऐनवेळी मला यायला जमलं नाही तर?”

“सोबती आला नाही तर काहीच फरक पडत नाही. एक पैसाही लागत नाही. फक्त डायव्हर यायला...”

ती थांबली.

“हॅलो?” बाई म्हणाली. “हॅलो, ऐकू येतंय का?”

हेच. हेच तिने पूर्वी कोणालातरी सांगितलं होतं, याच शब्दांत, कडेवरची पोर रडत असताना. पलीकडचा आवाज तरुण होता, समजूतदार होता, घाई नव्हती त्याला. तो म्हणाला होता, बाळाला आधी शांत करा, मी थांबते. मग त्याने विचारलं होतं, डायव्हर आला नाही तर? तिने सांगितलं होतं, मग सोबत्याला पूर्ण दर. आणि सोबती आला नाही तर? काहीच नाही. मग तो आवाज म्हणाला होता, मग डायव्हर म्हणून माझ्या बाबांचं नाव लिहा.

चूक नव्हतीच. मॅनेजर कॅल्क्युलेटरवर जे शोधत होते ते तिथे सापडणार नव्हतं, कारण दोघं आले तर बेरीज दोन्हीकडून तीच होती. एक आलं नाही तरच ती बदलत होती.

तिने फोन ठेवून दिला. चौकस बाईला काय वाटलं असेल, हे तिच्या मनातही आलं नाही. तिने पडद्यावरची नावं पुन्हा उलटी केली. ओळ हिरवी झाली.

“सर, काकांना पैसे मागू नका,” मॅनेजर दिसताच ती म्हणाली. “ती येणार नाहीये. तिला पहिल्यापासून यायचंच नव्हतं. बापावर भुर्दंड पडू नये म्हणून तिने त्यांना डायव्हर लिहायला सांगितलं.”

मॅनेजरांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरची परीक्षा क्षणभर सुटली. “हात्तिच्या! म्हणजे म्हाताऱ्याला सुट्टीवर धाडलंय. चांगलंय की. आपल्याला काय, एक ताट कमी.”

“मग सांगून का नाही धाडलं?”

“एकटे निघाले नसते म्हणून. किंवा तिचं काहीतरी असेल. मित्र असेल. घर रिकामं हवं असेल. तुला कशाला पंचाईत?”

“असेल,” ती म्हणाली. खरंच असेल. नोकरी बदलायची असेल, लग्न करायचं असेल, भांडण झालं असेल. घर रिकामं हवं असण्याची शंभर कारणं असतात. मग महिन्याभराच्या पुड्या कशाला? पेन्शनची बटणं दोनदा कशाला? ती चांदीची शिट्टी? तिने टोपण पेनाला लावलं; ते आधीच लावलेलं होतं. आपण उगाच करतोय का हे? पोरीच्या नाकाखाली बोट धरायची सवय लागलेली बाई आपण, आपल्याला सगळीकडे तेच दिसणार. हसतील लोक. हसू देत.

ती काकांकडे जवळजवळ धावतच गेली. “काका, तुमच्या घराजवळचा कोणाचा नंबर आहे? बुकिंगला लागतो.” खोटं किती सहज जमलं, याचं तिला नवल वाटलं.

“खाली इस्त्रीवाला आहे. किल्ली त्याच्याकडेच असते.” त्यांनी नंबर तोंडपाठ सांगितला. “पण त्याला बुकिंगचं काय कळणार?”

काउंटरवर येऊन तिने आपल्या मोबाइलवरून तो लावला. इस्त्रीवाल्याने उचलला तेव्हा मागे वाफेचा फुसकारा ऐकू आला. काका उतरलेत त्या रिसॉर्टवरून बोलतेय, असं सांगून तिने त्यांच्या मुलीची चौकशी केली.

“ती होय? आहे की वर. काल वडिलांना गाडीत बसवून आली. त्यानंतर खाली उतरलेली नाही दिसली.”

“वर जाऊन दार वाजवाल का जरा?”

“संध्याकाळी कपडे द्यायला जाणारच आहे. आत्ता गिऱ्हाईक उभं आहे.”

“आत्ता जा, दादा.”

“तुम्ही कोण पण?”

तिला काय सांगावं ते सुचेना. सवलतबाई? “मी एक आई आहे,” असं ती बोलून गेली आणि लगेच वाटलं, हे काय बोललो आपण. पण इस्त्रीचा ठोकळा टेकवल्याचा आवाज आला. मग चपलांचा. जिना. दम लागलेला श्वास. मग दारावर थाप. पुन्हा थाप. पुन्हा. ती मुठीत पेन आवळून ऐकत राहिली. “झोपली असेल,” इस्त्रीवाला म्हणाला. “वाजवत राहा,” ती म्हणाली. “किल्ली आणलीय का? तोवर वाजवत राहा.”

कडी सरकल्याचा आवाज आला.

“आज इस्त्रीचं काही नाही, दादा.” आवाज तोच होता. समजूतदार, पण खोल कुठूनतरी ओढून आणल्यासारखा.

“इस्त्रीचं नाही गं. फोन आहे. बाबा गेलेत ना, तिथून.”

फोन हातातून हातात गेला. मग घाबरून, एका दमात: “त्यांच्याकडे पैसे मागितले का कोणी? मी तुम्हाला विचारलं होतं. सोबती नाही आला तर काही लागत नाही म्हणाला होतात.”

“नाही मागितले. काही लागत नाही.”

“मग?”

कोणत्या शब्दांत विचारतात हे? तिला दरपत्रक पाठ होतं. हे नव्हतं.

“ते धक्क्यावर बसलेत,” ती म्हणाली. “तुमची वाट बघत. भरलेले पैसे तुम्ही वाया घालवणार नाही, म्हणतात.”

पलीकडे दार भिंतीला टेकल्याचा आवाज आला.

“त्यांना सांगा, मला जमत नाहीये.”

“यायला?”

“सगळंच.”

सवलतबाई दाराकडे निघाली. “मी नाही सांगणार. तुम्ही सांगा. मी फोन त्यांच्याकडे नेतेय. ठेवू नका. ऐका, ठेवू नका हं. नुसता कानाला धरून ठेवा. आणि दादांना तिथेच बसू द्या.”

ती पळत असताना कोठीतली पोर जागी होऊन रडायला लागली होती. पहिल्यांदाच ती वळली नाही.

काकांनी फोन कानाला लावला. “अगं, कुठे आहेस? फेरी चुकली का?” मग ते ऐकत राहिले. चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. लांबून आलेला आवाज कुठल्या मजल्यावरून येतोय हे ओळखू पाहणाऱ्या माणसासारखे ते मान कलती करून उभे होते. मग त्यांचा मोकळा हात कठडा शोधू लागला. सवलतबाईने तो धरला.

“बरं,” ते म्हणाले. “बरं. नाही गं, रागावलो नाही. विचारायला हवं होतं मी. आता विचारतोय ना? ... काही बोलू नकोस, चालेल. मी येतो. दार उघडंच ठेव.”

फेरी आता उद्या दुपारी. मास्तरांना काय झालंय ते कोणी नीट सांगितलंही नाही. त्यांनी दोघांचे चेहरे पाहिले आणि डायव्हिंगच्या बोटीवरून सिलिंडर उतरवायला सुरुवात केली. मॅनेजर धापा टाकत आले. “अहो, या फेरीचं डिझेल कोणाच्या...” एवढं म्हणून ते थांबले. मागे फिरले. परत आले तेव्हा एका हातात रडणारी पोर होती आणि दुसऱ्या हातात लाइफ जॅकेट, तिच्या अंगाखालून काढलेलं, अजून उबदार. ते त्यांनी स्वतः काकांच्या अंगावर चढवलं. पट्टे उलटे लावले. सवलतबाईने ते सोडवून नीट लावले.

काका दोन्ही हातांनी कठडा धरल्याशिवाय बोटीत उतरले, कारण एका हातात फोन होता.

इथून पलीकडच्या किनाऱ्याला जाताना मध्ये एक पट्टा लागतो, तिथे फोन चालत नाही. मास्तरांनी कितीही वेगाने नेली तरी बोटीला त्या पट्ट्यातून जावंच लागतं. तेवढा वेळ बापाचा आवाज लेकीच्या कानात नसेल. तेवढा वेळ तिच्याजवळ कोणीतरी लागेल, आणि सध्या तिथे इस्त्रीवाला आहे, उंबऱ्यावर मांडी घालून, काय बोलावं हे न समजून, आपल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगत. डॉक्टरांकडे कसं न्यायचं, ते बाप पोचल्यावर बघणार आहे.

सवलतबाई पोरीला खांद्यावर घेऊन धक्क्यावर उभी आहे. बोट दिसेनाशी झाली आहे. तिला अजूनही नीट उलगडलेलं नाही, आणि कधी उलगडेल असं तिला वाटतही नाही. तुमच्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमच्या माहितीत कोणी असेल, फार दिवस गप्प असलेलं आणि अलीकडे उगाच हलकं झालेलं. आवडीची वस्तू सहज देऊन टाकलेलं. सगळ्यांची सोय लावून स्वतः मागे राहिलेलं. आज त्याच्याकडे जाऊन या. सगळं व्यवस्थित दिसतंय म्हणून परत फिरू नका. दार वाजवा. उघडेपर्यंत वाजवा.